कोन फिल्टर बसवल्यापासून पद्मिनी खाकरते? जेटला हात लावण्याआधी हे बघा

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांची तक्रार ठरलेली असते. जुना पत्र्याचा एअर क्लीनर काढला, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या डोक्यावर लाल-निळा कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा फिल्टर) क्लॅम्पने आवळला, आणि पहिले काही दिवस नुसता आवाज ऐकूनच मन खूश. मग सिग्नल सुटला की गाडी गचके द्यायला लागते. रेस दाबली तर क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकदम उचलते. मिस्त्री स्क्रू फिरवून देतो, थोडे दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. दुसरा मिस्त्री मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक, मोठं घालतो. आता ईस्टर्न फ्रीवेवर गाडी मस्त, पण दादरच्या ट्रॅफिकमध्ये मागून काळा धूर आणि प्लग काजळलेले. म्हणून जेट पुन्हा लहान. वर्षवर्षभर हा खेळ खेळणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या कार्ब्युरेटरमध्ये काहीही बिघाड नव्हता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा वेळी दोष सहसा फिल्टरच्या कापडात किंवा कंपनीत नसतो. फिल्टर हवा कुठून ओढतो आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाला कसा जोडलाय, घोळ तिथे असतो. या दोन गोष्टी तशाच ठेवून जेट बदलत राहिलात तर ट्युनिंग कधीच बसणार नाही.

पुढची उदाहरणं मुख्यतः प्रीमियर पद्मिनीची आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, फियाट ११०० च्या वंशातली, १०८९ सीसीची ही गाडी अजूनही मुंबईत हौशी मंडळींकडे सर्वात जास्त सापडते. अॅम्बेसेडरवाल्यांसाठी वेगळं लिहिलंय, ते पुढे येईल.

आधी फिल्टर दोषी आहे का ते ठरवा

मूळचा डबा फेकला नसेल तर नवा कागदी एलिमेंट घालून तो परत लावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला गाडी फिरवा. गचके तसेच राहिले तर फिल्टर निर्दोष. मग पॉइंट, डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), प्लग आणि कार्ब्युरेटरचा ऍक्सिलरेटर पंप (रेस दाबताच जादा पेट्रोल सोडणारा) बघायचा.

पंप तपासणं सोपं आहे. इंजिन बंद आणि गार, फिल्टर काढलेला, आजूबाजूला कोणी सिगरेट ओढत नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत बघत थ्रॉटलचा लिव्हर हाताने झटकन फिरवा. लिव्हर हलल्याबरोबर पेट्रोलची बारीक, सलग धार दिसली पाहिजे. लिव्हर अर्धा फिरल्यावर धार आली, किंवा नुसते थेंब टपकले, तर तुमचा ‘रेस दाबली की क्षणभर काहीच नाही’ इथेच आहे. डायफ्रॅम कडक झालेला असतो किंवा पंपाचं जेट तुंबलेलं असतं. कुठलाही फिल्टर हे दुरुस्त करणार नाही.

मुंबईत आणखी एक गोष्ट हमखास बघायची. गाडी पूर्वी टॅक्सी होती का? इथल्या टॅक्स्या मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या होत्या. काहींची टाकी आणि रेग्युलेटर नंतर काढला जातो, पण कार्ब्युरेटर आणि फिल्टरच्या मध्ये बसवलेली, गॅस हवेत मिसळणाऱ्या मिक्सरची रिंग तशीच राहते. आतून ती चिंचोळी असते. तिच्यावर जगातला सर्वात भारी फिल्टर लावला तरी हवा त्या चिंचोळ्या गळ्यातूनच जाणार. फिल्टर काढून वरून टॉर्च मारा. कार्ब्युरेटरच्या तोंडावर अॅल्युमिनियमची जाड चकती आणि बाजूला बुच मारलेली नळी दिसली तर तीच ती.

एकच गाडी, दोन हवामानं

जुन्या डब्यावर परत गेल्यावर गाडी सुधारली, तर आता कोन फिल्टरचा हिशेब करू.

बाहेर ३२ अंश तापमान आहे असं धरा. सायन ते दादर कूर्मगतीने जाताना बोनेटखालची हवा ६० च्या वर सहज जाते. विश्वास बसत नसेल तर माशांच्या टाकीसाठी मिळतो तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या, सेन्सर फिल्टरजवळ बांधा, वायर खिडकीतून आत आणून आकडा डॅशबोर्डवर ठेवा. ३२ ऐवजी ६२ अंशांची हवा ओढली की तिची घनता साधारण ९ टक्क्यांनी घटते. ३०५ केल्व्हिन भागिले ३३५ केल्व्हिन, एवढंच गणित. चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनातून साडेतीन घोडे तुम्ही फिल्टर बदलून सोडून दिले.

आणि मिश्रणाचं काय होतं ते महत्त्वाचं. कार्ब्युरेटरला हवेचं वजन कळत नाही. व्हेंच्युरीत, म्हणजे त्याच्या आतल्या चिंचोळ्या गळ्यात, दाब किती पडला त्यावर तो पेट्रोल सोडतो. हवा पातळ झाली की पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि वरच्या उदाहरणात मिश्रण चार-पाच टक्क्यांनी रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. त्यात फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) तापून पेट्रोल उकळायला लागलं तर आणखी. ट्रॅफिकमधला काळा धूर इथून येतो. गाडी फ्रीवेवर चढली, वारा बोनेटमध्ये शिरला, हवा गार झाली की तेच जेट लीन, म्हणजे पेट्रोल कमी देणारं, वाटायला लागतं. म्हणजे जेट एक आणि हवामानं दोन. मिस्त्री मात्र ट्युनिंग करतो तेव्हा बोनेट सताड उघडं असतं, जे या दोन्हींपैकी एकही हवामान नाही! त्याच्या हाताला दोष देऊन उपयोग नाही.

मूळ डब्याची सोंड बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत ती बोनेटखालच्या त्यातल्या त्यात गार बाजूला वळवलेली असते. काही युरोपीय गाड्यांच्या डब्यावर उन्हाळा-हिवाळा अशी दोन ठिकाणं असतात, त्यात हिवाळ्याच्या जागी सोंड एक्झॉस्टजवळची गरम हवा घेते. मुंबईत ती कायम उन्हाळ्यावर ठेवायची, डिसेंबरातसुद्धा. चोर बाजारातून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला डबा कुणीतरी हिवाळ्यावर ठेवून गंजवलेला असू शकतो, तेव्हा झाकण उघडून बघाच.

फिल्टर किती अडवतो ते मोजा

‘कागदी फिल्टर हवा अडवतो’ हे वाक्य प्रत्येक स्पेअर्सच्या दुकानात ऐकायला मिळतं. मोजायला खर्च नाही. लेव्हलसाठी गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी तीन-चार मीटर घ्या. फळीच्या तुकड्यावर तिचा यू आकार करून चिकटवा, दोन्ही बाजू किमान ६० सेंटिमीटर उंच ठेवा म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं सोडा. दुसरं टोक फिल्टरच्या आतल्या बाजूला, म्हणजे फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या मधल्या जागेत घट्ट बसवा. फळी शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात द्या, घोडबंदरचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर चढा, आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक त्याला वाचायला सांगा. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं.

आता हा फरक १० सेंटिमीटर आला असं समजा. वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा साधारण १०.३ मीटरचा स्तंभ. तेव्हा १० सेंटिमीटर म्हणजे एक टक्का. फिल्टर पूर्णपणे काढून टाकला तरी तुम्हाला मिळेल तो एवढाच एक टक्का, आणि बोनेटखालच्या गरम हवेने घालवले नऊ. फरक २०-२५ सेंटिमीटरच्या पुढे गेला तर फिल्टर तुंबलाय किंवा लहान पडतोय, बदला. त्याच्या आत असेल तर ‘परफॉर्मन्स’ या शब्दासाठी पैसे मोजू नका.

रबराच्या आत बोट फिरवा

कोन फिल्टर थेट कार्ब्युरेटरवर बसवला असेल तर तो काढा आणि त्याच्या रबरी गळ्यातून बोट फिरवत न्या. गळ्याचं माप आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाचं माप जुळत नसेल तर बोटाला पायरी लागते. कधी ही पायरी अॅडॅप्टरच्या रिंगची असते, कधी क्लॅम्प जास्त आवळल्यामुळे रबर आत दुमडलेलं असतं. हवा या पायरीवर अडखळते, भोवरे घालते, आणि ते भोवरे बरोबर त्या ठिकाणी पोचतात जिथे एअर जेटची बारीक भोकं आणि फ्लोट बाउलच्या व्हेंटची (बाउलला हवा पोचवणारी) नळी उघडते. व्हेंटवरचा दाब हलला की बाउलमधून पेट्रोल उचलण्याचं प्रमाण हलतं. ठराविक वेगालाच गाडी खाकरते आणि पुढेमागे ठीक चालते, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. दुकानात या पायरीबद्दल कुणी बोलत नाही, कारण डब्यावरच्या चित्रात ती दिसत नाही.

चपटा गोल फिल्टर, ज्याला लोक पॅनकेक म्हणतात, तो उभ्या कार्ब्युरेटरवर बसवताना झाकण तोंडाच्या फार जवळ येणार नाही ना ते बघा. तोंडाचा जेवढा व्यास, निदान तेवढी मोकळी उंची वर असावी. बोनेट बंद झाल्यावर झाकण दाबलं तर जात नाही ना, तेही. फिल्टरवर थोडी मळलेली कणीक ठेवून बोनेट लावा आणि उघडा, किती जागा उरते ते कणीक सांगेल.

वजनाचाही प्रश्न आहे. लांब कोन कार्ब्युरेटरच्या गळ्याला नुसता लटकत ठेवला तर इंजिनाच्या थरथरीने क्लॅम्प सैल होतो. मग लोक तो आणखी आवळतात, आणि पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरचं वरचं झाकण वाकतं. वाकलेल्या झाकणाच्या पॅकिंगमधून हवा ओढली जाते आणि आयडलिंग बिघडतं. फिल्टरला इंजिनावरूनच एक पत्र्याची पट्टी आधाराला द्या. बॉडीवरून देऊ नका, इंजिन आणि बॉडी वेगवेगळं हलतात.

अॅम्बेसेडरसाठी वेगळं

तिच्या जुन्या बी-सिरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (मिश्रण आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) सिलिंडर हेडच्या एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून. कार्ब्युरेटर अक्षरशः चुलीवर बसलेला. उघडा कोन फिल्टर इथे पद्मिनीपेक्षाही जास्त नुकसान करतो. एसयू कंपनीचा कार्ब्युरेटर असेल तर आणखी एक सापळा आहे. फिल्टर जिथे बोल्टने बसतो त्या तोंडाशेजारी बारीक भोकं असतात, कार्ब्युरेटरच्याच आत वरखाली सरकणाऱ्या पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरचा दाब पोचवण्यासाठी. पॅकिंग किंवा फिल्टरची मागची प्लेट उलटी बसली की ती भोकं झाकली जातात, पिस्टन पूर्ण उचलत नाही, आणि वरच्या आरपीएमला गाडी दम तोडते. नवा फिल्टर लावल्यानंतर एसयूवाली गाडी एकाएकी मंदावली तर सर्वात आधी पॅकिंग काढून त्याची भोकं कार्ब्युरेटरच्या भोकांशी जुळतात का ते बघा. आणि रेस दाबल्यावरच गचका येत असेल तर डॅशपॉटमधलं (त्या पिस्टनच्या वरच्या नळकांड्यातलं) तेल बघा. ते कोरडं असताना लोक फिल्टरला शिव्या देत बसतात.

ब्रीदरची नळी

जुन्या डब्याला इंजिनाकडून येणारी, आतली वाफ बाहेर सोडणारी एक जाड रबरी नळी जोडलेली असते. कोन लावताना ती अनाथ होते. तिला बुच मारू नका, इंजिनातला दाब वाढून ऑइल सील गळायला लागतात. नुसती उघडी सोडली तर तेलाची वाफ बोनेटभर आणि वास केबिनमध्ये. नवीन फिल्टरमध्ये सोयीचं तोंड असेल तर तिथे जोडा, पण मधे तेल साठवणारी छोटी डबी घाला, नाहीतर फिल्टर आतून तेलकट होतो.

मग घ्यायचा कोणता

मापापासून सुरुवात करा. तेल लावलेल्या कापसाच्या फिल्टरसाठी के अँड एन कंपनीचं एक जुनं सूत्र आहे. मेट्रिकमध्ये ते असं येतं: सीसी गुणिले जास्तीत जास्त आरपीएम, भागिले ५३,०००, म्हणजे लागणारं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. पद्मिनीला १०८९ गुणिले ५००० धरले तर सुमारे १०३. साडेबारा सेंटिमीटर व्यासाच्या गोल फिल्टरला त्यासाठी २.६ सेंटिमीटर उंची पुरते, आणि वरखालच्या रबरी कडांसाठी आणखी दोनेक सेंटिमीटर. म्हणजे साडेचार सेंटिमीटर उंचीचा साधा गोल एलिमेंट या इंजिनाला पुरून उरतो. हे किमान माप झालं. मुंबईत मेट्रोची खोदकामं आणि इमारतींची धूळ लक्षात घेऊन मी दुप्पट घेईन. मोठा फिल्टर जास्त हवा देतो म्हणून नव्हे, तुंबायला जास्त दिवस लागतात म्हणून.

पद्मिनीला मी सुचवतो तो उपाय फोटोत काही खास दिसणार नाही. मूळ डबा ठेवा, त्यात बसणारा चांगला कागदी किंवा कापसाचा एलिमेंट घाला, आणि डब्याच्या सोंडेला उष्णता सहन करणारी लवचिक नळी जोडून तिचं तोंड रेडिएटरच्या शेजारी, पुढच्या जाळीमागे न्या. सोंडेपेक्षा नळी बारीक नको. तोंड थेट समोर आणि खाली नको, पावसाळ्यात हिंदमातासारख्या ठिकाणी समोरच्या बसने उडवलेलं पाणी सरळ आत जाईल. नळीच्या सर्वात खालच्या वळणाला पाच मिलिमीटरचं भोक पाडा, शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. गिरगावातल्या एका काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “अरे पण मग बोनेट उघडल्यावर दाखवायचं काय?” काका, डब्याला रंग द्या.

कागद, कापूस की फोम? कागदी एलिमेंट बारीक धूळ सर्वात चांगली धरतो. फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ ५०११ हे मानक आहे, त्यानुसार धूळ पकडण्याचे आकडे छापलेला फिल्टर मिळाला तर तोच घ्या. कागदाचं वैर ओलाव्याशी. जुलैत भिजला की फुगतो आणि हवा अडवतो, वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. कापसाचा फिल्टर धुऊन वापरता येतो, पण धुणं आतून बाहेर, मंद पाण्याने. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जाळी फाटते. सावलीत वाळवा, आणि आपल्या दमट हवेत तो वाळायला तुम्हाला वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो. पूर्ण कोरडा झाल्यावरच तेल, तेही घडीघडीवर बारीक रेघ. ओथंबून लावलं तर कार्ब्युरेटरच्या एअर जेटवर चिकट थर बसतो. फोमचा फिल्टर धुळीला वाईट नाही, पण जुना झाला की चुरा होऊन आत जातो. बोटाने दाबून पाहा, भुगा निघाला तर ताबडतोब काढा.

स्वस्त कोन घेताना ऑपेरा हाऊसला दुकानातच तो उन्हाकडे धरा. कापडातून सारखा, धूसर उजेड दिसला पाहिजे. टाचणीएवढे लख्ख ठिपके, किंवा रबर आणि जाळीच्या सांध्यात फट दिसली तर परत द्या. तिथून जाणारी वाळू पिस्टन रिंगा खाते.

एक गोष्ट विसरली जाते. टायमिंग चुकलं की इंजिन कार्ब्युरेटरमधून उलटा भडका मारतं, आणि पत्र्याचा डबा तो भडका आतच अडवतो. उघडा फोम मात्र पेट घेऊ शकतो. कुठलाही फिल्टर न लावता ‘जाळीच पुरे’ म्हणून फिरणाऱ्यांनी निदान बोनेटजवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवावा.

आता जेट

हवा गार झाली, पायरी गेली, व्हेंट मोकळी झाली, ब्रीदर जोडला. एवढं झाल्यावरही खाकरत असेल तरच जेट. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या रेसवर चालत असताना चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारी कळ) किंचित ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, बिघडली तर रिच. वेगळ्या स्टार्टरचा चोक असलेल्या सोलेक्सवर ही चाचणी पूर्ण रेसला फसते, म्हणून अर्ध्यावरच करा.

लीन निघाली तर खापर फिल्टरवर फोडण्याआधी पेट्रोल आठवा. २०२५ पासून पंपावर मिळतं ते बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. त्याच जेटमधून तेच आकारमान जात असेल तर इंजिनाला सात-आठ टक्के कमी खाद्य मिळतंय, फिल्टर कोणताही असो. सोलेक्सच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. उदाहरणार्थ १२५ च्या जागी १३० घातलं की भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे ई२० ची तूट जवळपास तेवढ्यातच भरून निघते. त्याच्या पुढे जायची गरज पडत असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय, मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासा. जुनं जेट ड्रिलने मोठं करून घेऊ नका. भोकाचा आतला आकारही मोजमापाचा भाग असतो, आणि एकदा बिघडला की परत मिळत नाही.

पीयूसीवाल्याकडे मिळणारा कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा ओळखून. तो आयडलिंगचा असतो, तेव्हा स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू बसवायला तो घ्या. जुन्या गाड्यांना ३ टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून तीनपर्यंत रिच ठेवायचं असं नाही. फिल्टर आणि मेन जेटबद्दल ती पावती काहीच सांगत नाही, ते घोडबंदरच्या चढावरच कळतं.